ओएस डॉट ॲक्सेस 'हो' म्हणतंय अन् फाइल काही उघडत नाही

"दादा, ओएस डॉट ॲक्सेस ट्रू देतंय अन् फाइल ओपन केली की परमिशन डिनाइड येतंय, पायथॉन येडं झालंय का?" असा प्रश्न मला बऱ्याच पोरांनी विचारलाय, शब्द थोडे इकडचे तिकडं पण मुद्दा तोच. ओएस डॉट ॲक्सेस म्हणजे पायथॉन भाषेतलं, ही फाइल वाचता लिहिता येईल का असं विचारायचं फंक्शन. परवा परभणीच्या एकानं विचारला. दरवेळी व्हॉट्सॲपवर तुकडे तुकडे लिहायचा कंटाळा आला म्हणून एकदाच इथं सविस्तर टाकतोय, पुढच्यानं विचारलं की लिंक पाठवून मोकळा. कोडमधली नावं देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी लातूरला मार्केट यार्डातल्या आडत दुकानांना अन् एकदोन दाळमिलला छोटंमोठं सॉफ्टवेअर करून देतो. भुईकाट्याच्या कॉम्प्युटरवर वजनाची सीएसव्ही पडते, ती शेअर्ड फोल्डरमधून उचलायची, हमाली तोलाई वजा करून शेतकऱ्याची हिशोब पट्टी बनवायची, पीडीएफ एका फोल्डरात टाकायची, मुनीमजी तिथून प्रिंट मारतात. बस. याच्यातलं गणित शाळेतलं पोरगं करील. सगळी कटकट असती ती फाइलींची, कोण वाचणार, कोण लिहिणार, अन् प्रोग्राम नेमका कोणाच्या नावानं चाललाय.

आधी परभणीचं प्रकरण. त्याच्याकडं काट्याचा कॉम्प्युटर विंडोजचा, त्यावरचा फोल्डर नेटवर्कवर शेअर केलेला, अन् दुकानातल्या उबंटूच्या (लिनक्सचाच एक प्रकार) मशीनवर तो शेअर माउंट करून, म्हणजे तिथलाच फोल्डर असल्यासारखा जोडून, त्याचा प्रोग्राम त्यात फाइली लिहायलाय. माउंट करताना कुठल्यातरी व्हिडिओत बघून त्यानं फाइल मोड अन् डिर मोड दोन्ही ०७७७ दिलेले, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी. आता साध्या सिफ्स (विंडोजचा शेअर जोडायची पद्धत) माउंटवर एलएस ही फाइलींची यादी दाखवणारी कमांड दिल्यावर जे आर डब्ल्यू एक्स (वाचा, लिहा, चालवा) दिसतं ते विंडोजनं सांगितलेलं नसतं, आपणच माउंटच्या ऑप्शनमध्ये लिहिलेलं आपल्यालाच परत दिसत असतं. ॲक्सेस विचारतं ते इथल्या लिनक्सला, लिनक्स म्हणतो ७७७ आहे की, लिही बिनधास्त. खरोखर लिहायला गेलं की गाठ विंडोजशी, अन् तिथं त्या युजरला फक्त वाचायची परवानगी. म्हणजे दोघंही आपापल्या जागी खरंच बोलायलेत. पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे सरळ लिहिलंय की ॲक्सेस हो म्हणालं तरी पुढचं काम फेल होऊ शकतं, विशेषतः नेटवर्क फाइलसिस्टीमवर. पण डॉक्युमेंटेशन वाचतंय कोण.

त्याला म्हणलं विंडोजवर जाऊन दोन ठिकाणी बघ. शेअरिंगच्या टॅबमध्ये एक परवानगी असती अन् सिक्युरिटीच्या टॅबमध्ये दुसरी, नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हीतली जी कडक ती लागू होती. त्यानं सिक्युरिटीमध्ये फुल कंट्रोल दिलेलं होतं अन् शेअरिंगमध्ये रीडच ठेवलेलं. झालं काम.

पण खरा मुद्दा तो नाही. खरा मुद्दा हा की ॲक्सेस विचारायचंच कशाला?

बघा, ओएस डॉट ॲक्सेस म्हणजे खाली कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, ॲक्सेस नावाचा सिस्टीम कॉल. त्याला पाथ द्यायचा अन् काय करायचंय ते द्यायचं, एफ ओके म्हणजे फाइल आहे का, आर ओके वाचता येईल का, डब्ल्यू ओके लिहिता येईल का, एक्स ओके चालवता येईल का. उत्तर ट्रू नाहीतर फॉल्स. आता फॉल्स आलं तर का आलं? फाइलच नाही, का फाइल आहे पण वाचायची परवानगी नाही, का वरच्या फोल्डरमध्येच शिरता येत नाही, का पूर्ण डिस्कच रीड ओन्ली झालीय? काही सांगत नाही. सगळी कारणं गिळून नुसतं फॉल्स. अन् ट्रू आलं तर ते विचारलं त्या क्षणापुरतं, पुढच्या ओळीत ओपन करेपर्यंत खरं राहील याची गॅरंटी नाही. नळाला पाणी आलंय का ते बघून यायचं अन् मग घरी येऊन घागर न्यायची, तोवर काय होतं ते लातूरकराला सांगायला नको, घागर घेऊनच जायचं असतं.

म्हणून सरळ ओपन करा, ट्राय मध्ये, म्हणजे एरर आली तर पकडता येईल असं. उघडली तर उघडली, नाही उघडली तर कर्नल स्वतः कारण सांगतो. फाइल नॉट फाउंड एरर वेगळी पकडा, परमिशन एरर वेगळी पकडा, फाइलच्या नावाचा फोल्डर निघाला तर इज अ डिरेक्टरी एरर येती. हे वेगवेगळे क्लास पायथॉन ३.३ मध्ये, म्हणजे २०१२ ला आले, त्याच्या आधी सगळं आयओ एररमध्ये यायचं अन् आपण एररनो नंबर तपासत बसायचो, २ म्हणजे फाइल नाही, १३ म्हणजे परवानगी नाही. तरी जुन्या ट्युटोरियलवाल्यांनी आधी एक्झिस्ट्स, मग ॲक्सेस, मग ओपन ही तीन मजली इफ लिहायची सवय लावून ठेवलीय ती अजून जाईना.

एक्झिस्ट्सचीही एक खोड आहे. ओएस डॉट पाथ डॉट एक्झिस्ट्स हे फाइल असूनही फॉल्स देऊ शकतं, वरच्या फोल्डरमध्ये शिरायची परवानगी नसली की. मग प्रोग्राम मुनीमजीला सांगतो "वजनाची फाइल आली नाही", मुनीमजी काट्यावरच्या पोराला झापतो, पोरगं म्हणतंय फाइल इथंच हाय की, अन् दोघं अर्धा तास एकमेकांवर ओरडतात. दुकानाबाहेर गाड्या लागलेल्या, सोयाबीनचे कट्टे उतरायचेत, अशा वेळी चुकीचा मेसेज लई महाग पडतो.

आता हा ॲक्सेस कॉल मुळात कशासाठी आहे ते सांगितलं पाहिजे, कारण त्याच्याशिवाय त्याचं वागणं कळत नाही. युनिक्समध्ये सेट यूआयडी नावाची भानगड आहे, डेनिस रिचीची आयडिया, त्याच्यावर पेटंटसुद्धा मिळालेलं १९७९ ला. प्रोग्राम चालवणारा साधा युजर, पण प्रोग्रामला ताकद फाइलच्या मालकाची, बहुतेक वेळा रूटची, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरची. पासवर्ड बदलायची कमांड अशीच चालते. अशा प्रोग्रामला दोन ओळखी असतात, खरा युजर अन् इफेक्टिव्ह युजर. ओपन बघतं इफेक्टिव्हकडं. ॲक्सेस बघतं खऱ्याकडं. म्हणजे ॲक्सेसचा प्रश्न "मला ही फाइल उघडता येईल का" असा नाहीच, तो आहे "ज्यानं मला चालवलं त्या माणसाला ही उघडता आली असती का". दोन वेगळे प्रश्न. आपल्या साध्या स्क्रिप्टमध्ये दोन्ही युजर एकच असतात म्हणून फरक दिसत नाही, सुडोनं (रूटच्या नावानं कमांड चालवायची सोय) चालवलं तरी दोन्ही ओळखी सोबतच बदलतात. पायथॉन ३.३ पासून इफेक्टिव्ह आयडीज ट्रू असं देऊन इफेक्टिव्हबद्दलही विचारता येतं. अन् हो, पायथॉन स्क्रिप्टला सेट यूआयडी बिट लावून काही होत नाही, लिनक्स स्क्रिप्टवरचा तो बिट बघतच नाही, उगी डोकं लावू नका.

गंमत अशी की ज्या कामासाठी ॲक्सेस बनवलं त्याच कामात ते सगळ्यात धोक्याचं आहे. रूटच्या ताकदीनं चालणारा प्रोग्राम आधी ॲक्सेस विचारतो, युजरनं स्वतःची साधी फाइल दाखवलेली असते, उत्तर येतं हो. तेवढ्या फटीत युजर ती फाइल उडवून त्याच नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडं नेणारा शॉर्टकट) करतो, थेट पासवर्डच्या फाइलकडं जाणारी, अन् पुढच्या ओळीत प्रोग्राम रूटच्या ताकदीनं तीच उघडतो. याला टॉकटू म्हणतात, टाइम ऑफ चेक टू टाइम ऑफ यूज. तपासलं एक, वापरलं दुसरं. फट मायक्रोसेकंदांची असली तरी समोरचा लूप लावून हजार वेळा ट्राय करू शकतो की.

बाकी भाषावाल्यांनी आपण सुटलो समजू नये. जावाच्या फाइल्स डॉट इज रीडेबलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की हे उत्तर लगेच शिळं होतं. नोडचं डॉक्युमेंटेशन म्हणतं एफएस डॉट ॲक्सेस तपासून मग ओपन करू नका, सरळ ओपन करा. पीएचपीमध्ये इज रायटेबलचं उत्तर कॅश होतं, एकाच रिक्वेस्टमध्ये तीच फाइल परत विचारली तर जुनंच उत्तर मिळू शकतं, क्लिअर स्टॅट कॅश चालवावं लागतं. पर्लवाल्यांनी मात्र हुशारी केलीय, छोटं आर टाकलं तर इफेक्टिव्ह युजर, मोठं आर टाकलं तर खरा युजर. पर्ल आता लिहितंय कोण ते सोडा.

अन् विंडोजवर पायथॉन चालवत असाल तर ओएस डॉट ॲक्सेसचं नावच काढू नका. तिथं डब्ल्यू ओके विचारलं की ते फक्त फाइलवरचं रीड ओन्लीचं टिकमार्क बघतं, सिक्युरिटी टॅबमधलं काहीच बघत नाही. फोल्डर असला तर तेही नाही, फोल्डर आहे एवढं कळलं की ट्रू. प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरबद्दल विचारा, साध्या युजरला सुद्धा म्हणेल लिही. काट्यावरच्या विंडोजसाठी कोणी असा चेक लिहून "आम्ही परमिशन तपासतो" म्हणून बिल लावत असेल तर त्याला हा परिच्छेद दाखवा.

बरं, मग खरंच परमिशन डिनाइड आलं तर करायचं काय? इथं आमच्याकडचं राष्ट्रीय औषध म्हणजे परमिशन बदलायची कमांड, सीएचमॉड ७७७. मार्केट यार्डात एका ठिकाणी मी रूट फोल्डरपासून खाली सगळं ७७७ केलेलं बघितलंय, आधीचा माणूस करून गेलेला, अन् नंतर एसएसएचच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची सोय) चालेना, कारण एसएसएच स्वतःची किल्ली असलेल्या फाइलींच्या परमिशन सैल दिसल्या की त्या वापरायलाच नकार देतं. ७७७ म्हणजे मालक, ग्रुप, बाकी दुनिया, तिघांना वाचा लिहा चालवा. हिशोबाच्या पट्ट्या कोणीही बदलू शकतं असा त्याचा अर्थ आहे, हे दुकानदाराला एकदा समजावून सांगितलं ना, तो स्वतःच म्हणतो काढा ते.

त्याच्याऐवजी आधी बघायचं अडलंय कुठं. एलएस मायनस एल फक्त फाइलचं दाखवतं, पण फाइलपर्यंत पोचायला पाथमधल्या प्रत्येक फोल्डरवर एक्स लागतो, फोल्डरवरचा एक्स म्हणजे आत शिरायची परवानगी. मधला एक जरी बंद असला तरी फाइलवर ७७७ असून उपयोग शून्य. यासाठी नेमआय मायनस एल ही कमांड आहे, तिला पूर्ण पाथ द्या, रूटपासून फाइलपर्यंत एकेक टप्प्याचा मालक, ग्रुप, परमिशन ओळीनं दाखवती. एवढी कामाची कमांड अन् कोणाला माहीत नसती.

याचंच एक उदाहरण. उबंटू २१.०४ पासून नवीन युजरचा होम फोल्डर ७५५ ऐवजी ७५० बनायला लागला. म्हणजे आधी कोणीही शिरू शकायचं, आता फक्त मालक अन् त्याचा ग्रुप. एका दुकानात रोजच्या भावाचं छोटं वेबपेज होम फोल्डरमधून चालायचं, जुन्या २०.०४ वर मस्त चाललेलं. मशीन बदललं, २२.०४ टाकलं, तोच फोल्डर जशाचा तसा कॉपी केला अन् ४०३ फॉरबिडन. फाइलींवर सगळं बरोबर, कारण अडत होतं होमवर, वेबपेज दाखवणारं एन्जिनएक्स चालतं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डेटा नावाच्या युजरनं अन् त्याला होममध्ये पायच ठेवता येईना. वेबचं सामान व्हार या सिस्टीमच्या फोल्डरखाली हलवलं की विषय संपला. होमला परत ७५५ करणारे पण आहेत, माझं मत विचाराल तर ते कशाला, होम घरापुरतंच राहू द्या.

दुसरं बघायचं ते प्रोग्राम कोणाच्या नावानं चाललाय. हातानं चालवला तर चालतो अन् क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप चालवायची सोय) फेल होतो, याचं कारण दहापैकी आठ वेळा हेच. यात पायथॉनची गेटपास डॉट गेटयूजर फसवती बरं का, ती एन्व्हायरनमेंटमधलं लॉगनेम वगैरे वाचून नाव सांगती, प्रोसेस खरी कोणाची ते बघत नाही. ओएस डॉट गेटईयूआयडी घ्या अन् त्यावरून नाव काढा. मी एरर मेसेजमध्ये चारही गोष्टी लिहितो, कुठला पाथ, काय करायला गेलो, कुठल्या युजरनं, अन् सिस्टीमनं काय कारण दिलं, तेही मराठीत. "पट्ट्या फोल्डरमध्ये नवीन फाइल लिहिता आली नाही, प्रोग्राम काटा या युजरनं चालू आहे" असा मेसेज आला की मुनीमजी फोनवर तो वाचून दाखवतो अन् मला गाडी काढून यार्डात जावं लागत नाही.

इलाज म्हणून ग्रुप करा. ज्यांना ज्यांना लिहायचंय ते युजर एका ग्रुपमध्ये, फोल्डर त्या ग्रुपचा, अन् परमिशन २७७०. पुढचा २ म्हणजे सेट जीआयडी, त्याच्यामुळं आत बनणारी नवीन फाइल आपोआप फोल्डरच्याच ग्रुपची होती. सोबत यूमास्क (नवीन फाइलीवरून कुठल्या परवानग्या काढायच्या ते) ००२ ठेवा नाहीतर नवीन फाइलीवर ग्रुपला लिहायची परवानगीच येत नाही. अन् युजरला ग्रुपमध्ये टाकताना यूजरमॉडला मायनस ए विसरलात तर बाकीच्या सगळ्या ग्रुपमधून तो बाहेर, त्यात सुडो पण गेलं की बसा बोंबलत. टाकल्यावर परत लॉगिन करावं लागतं, सर्व्हिस असली तर रीस्टार्ट, कारण चालू प्रोसेसला जुनेच ग्रुप चिकटलेले असतात. "टाकलंय की ग्रुपमध्ये तरी होईना" म्हणणारे सगळे इथंच अडकतात.

अजून एक, फाइल ४४४ केली म्हणजे कोणी उडवू शकत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. उडवणं हे फाइलवर नाही फोल्डरवर ठरतं. फोल्डरवर लिहायची परवानगी असली तर आतली रीड ओन्ली फाइल खुशाल डिलीट होती. टेम्प फोल्डरवर म्हणूनच स्टिकी बिट असतो, १७७७, ज्याची फाइल त्यानंच उडवायची.

आता ॲक्सेस कधीच वापरू नये का, तर तसंही नाही. बटण दाबता येणारं दाखवायचं का पुसट दाखवायचं, एवढ्या पुरतं चालतं, चुकलं तरी पुढं ओपन पकडतंयच. पण प्रोग्राम सुरू होतानाच खात्री करायची असेल की शेवटी पट्ट्या लिहिता येतील का, तर मी विचारत नाही, लिहूनच बघतो. त्याच फोल्डरमध्ये टेम्पफाइलनं एक तात्पुरती फाइल बनवायची, चार अक्षरं लिहायची, ती बंद झाली की आपोआप जाती. यात परवानगी, नेटवर्क, रीड ओन्ली डिस्क, भरलेली डिस्क, सगळ्यांची परीक्षा होऊन जाती. रीड ओन्लीचं आमच्याकडं विशेष महत्त्व, लाइट जाऊन जाऊन फाइलसिस्टीम खराब झाली की लिनक्स कित्येकदा ती डिस्क स्वतःच रीड ओन्ली करून टाकतो. तेव्हा येणारी एरर परमिशन एरर नसती, ३० नंबरची साधी ओएस एरर असती, रूटलाही येती, म्हणून परमिशन एररच्या खाली ओएस एरर पण पकडून ठेवा.

नवीन फाइल बनवताना जुनी चुकून पुसायची नसेल तर ओपनला डब्ल्यू ऐवजी एक्स मोड द्या, फाइल आधीपासून असली तर तो सरळ एरर देतो, अन् तपासणं अन् बनवणं एकाच कॉलमध्ये होतं, मध्ये फट नाही. एकाच नंबरची पट्टी दोनदा निघू नये म्हणून मी हेच वापरतो, वेगळं लॉक बिक काही नाही.

शेवटी टेस्ट लिहिणाऱ्यांसाठी. फाइल ००० करायची अन् परमिशन एरर येती का बघायचं अशी टेस्ट लॅपटॉपवर पास होती अन् डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात प्रोग्राम चालवायच्या सोयीत, फेल, कारण कंटेनरमध्ये आपण न सांगता रूट असतो अन् रूटला वाचणं लिहिणं हे बिट अडवत नाहीत. फक्त चालवायचं असेल तर रूटला पण तिघांपैकी एकाचा तरी एक्स लागतो. तेव्हा डॉकरफाइलमध्ये साधा युजर बनवून त्याच्या नावानं टेस्ट चालवा, नाहीतर यूआयडी (युजरचा नंबर) शून्य, म्हणजे रूट, असला तर ती टेस्ट स्किप करा. परभणीवाल्याला हे अजून सांगितलेलं नाही, त्याचं डॉकर पुढच्या आठवड्यात सुरू होणार आहे म्हणे.